दोन गाड्यांचा दृष्टान्त : नेत्याची दुर्बलता आणि अनुयायांचे बळ

आपल्या समाजात नेत्याच्या दुर्बलतेविषयी बोलणे अनादराचे मानले जाते. नेता थकत नाही, रडत नाही, त्याला भीती वाटत नाही आणि त्याचे अनुमान कधी चुकत नाही, असे चित्र आपण रंगवतो. त्या चित्राला हार घालतो आणि निर्धास्त होतो. ज्या परंपरेचे आपण वारस आहोत, त्या परंपरेचे मूळ ग्रंथ मात्र याहून वेगळे काही सांगतात. पालि तिपिटकात भगवान बुद्धांची पाठ दुखते, त्यांना तहान लागते, आजारपणात मरणप्राय वेदना होतात. आणि यांपैकी एकही गोष्ट संगीतिकारांनी लपवून ठेवलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आपल्या अपमानाच्या आणि आजारपणाच्या गोष्टी स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्या. नेत्याने आपली दुर्बलता उघड केली असता त्याचा प्रभाव घटतो की वाढतो, आणि वाढत असेल तर तो कोणत्या अटींवर, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी पालि साहित्य, अशोकाचे शिलालेख, बाबासाहेबांचे लेखन आणि अहमदनगर जिल्ह्यातील काही घटना यांचा आधार घेतला आहे. (२०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले आहे. जुन्या घटनांच्या संदर्भात येथे जुनेच नाव वापरले आहे.)

१. पाठीचे दुखणे आणि सारिपुत्तांचे प्रवचन

दीघनिकायातील संगीतिसुत्ताची पार्श्वभूमी लक्षात घेण्यासारखी आहे. निगण्ठ नातपुत्तांचे निधन झालेले आहे आणि त्यांच्या अनुयायांत तीव्र वाद माजला आहे. अशा वेळी भगवान पावा येथे मल्लांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत धम्मोपदेश करतात. मल्ल निघून जातात, भिक्खुसंघ मात्र अजून जागा असतो. तेव्हा भगवान सारिपुत्तांना सांगतात की, माझी पाठ दुखत आहे, मी ती जरा टेकतो, संघाला धम्म तू सांग. त्यानंतर सारिपुत्त एककापासून दशकापर्यंत धम्माची व्यवस्थित मांडणी करतात. हेतू असा की, शास्त्याच्या पश्चात आपल्या संघात वाद होऊ नये. शेवटी भगवान उठून बसतात आणि त्या प्रवचनास संमती देतात.

पाठदुखीचा हा उल्लेख टाळता आला असता. मज्झिमनिकायातील सेखसुत्तातही नेमके हेच घडते. कपिलवत्थूच्या नव्या सभागृहात भगवान पाठदुखीमुळे विश्रांती घेतात आणि आनंद शाक्यांना उपदेश करतात. दोन्ही प्रसंगी शास्त्याच्या शारीरिक मर्यादेतून शिष्याला बोलण्याची जागा मिळाली आहे. नेता अथक असता तर सारिपुत्तांचे प्रवचन कदाचित झालेच नसते. एका संघात फूट पडलेली असताना दुसऱ्या संघाने शास्ता हयात असतानाच त्याच्या शिष्याच्या मुखातून धम्म ऐकण्याचा सराव केला, हा या सुत्ताचा ऐतिहासिक अर्थ आहे.

२. अत्तदीपाच्या अगोदरचे वाक्य

'अत्त दीप भव' हा आपल्या चळवळीचा आवडता शब्दसमूह आहे. पालि पाठात तो 'अत्तदीपा विहरथ' असा, सर्व भिक्खूंना उद्देशून, अनेकवचनात येतो. पण तो कोणत्या संदर्भात आला आहे, हे आपण सहसा पाहत नाही.

महापरिनिब्बानसुत्तानुसार भगवानांनी अखेरचा वर्षावास वेसालीजवळ बेलुवगाम येथे केला. तेथे त्यांना प्राणांतिक दुखणे आले. ते त्यांनी स्मृतिपूर्वक सहन केले. बरे वाटल्यावर ते विहाराबाहेर सावलीत बसले असता आनंद त्यांच्याजवळ आले. तुमच्या आजारपणात मला दिशा सुचेनाशी झाली होती. पण संघाविषयी काही सांगितल्यावाचून तुम्ही जाणार नाही, एवढाच मला धीर होता, असे ते म्हणाले. यावर भगवानांचे उत्तर तीन पायऱ्यांचे आहे. पहिल्या पायरीत, संघाने माझ्याकडून आणखी काय अपेक्षावे, असा प्रश्न ते करतात. आपण आतला धम्म आणि बाहेरचा धम्म असा भेद केला नाही, आपल्याजवळ 'आचरियमुट्ठि', म्हणजे आचार्याची झाकली मूठ, नाही. आणि संघ माझ्यावर अवलंबून आहे असेही मी मानत नाही, असे ते सांगतात. दुसऱ्या पायरीत ते आपले वार्धक्य मांडतात. वय ऐंशी झाले आहे. वाद्यांनी बांधून-आवळून जुनी गाडी कशीबशी चालवावी तसे हे शरीर चालले आहे. या दोन पायऱ्यांनंतर तिसरी पायरी येते : म्हणून, आनंदा, तुम्ही स्वतःच स्वतःचे दीप व्हा.

पालि पाठातील 'तस्मातिह' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ 'म्हणून'. हा उपदेश मोडकळीस आलेल्या गाडीच्या कबुलीवर उभा आहे. आपण भिंतींवर दीप कोरला आणि गाडी मात्र वगळली. त्यामुळे स्वावलंबनाचा हा आदेश एखाद्या सर्वशक्तिमान पुरुषाने वरून दिल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो जाणाऱ्या माणसाने मागे राहणाऱ्यांना दिलेला आहे.

पुढे चुंदाच्या घरच्या भोजनानंतर भगवान आजारी पडतात. वाटेत थकून झाडाखाली बसतात आणि आनंदांकडे पुन्हा पुन्हा पाणी मागतात. आणि त्याच अवस्थेत, चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याच्या मनातील पश्चात्ताप दूर करावा, असे आनंदांना बजावतात. ज्याला स्वतःच्या वेदनेची लाज वाटत नाही त्यालाच दुसऱ्याच्या वेदनेकडे पाहण्याची उसंत मिळते, असे या प्रसंगावरून म्हणता येईल.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. संयुत्तनिकायात उक्काचेला येथील एक सुत्त आहे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या परिनिब्बानानंतर भगवान संघाकडे पाहून ही सभा आपल्याला रिकामी भासते असे म्हणतात. पण लगेच तथागताला शोक नाही, असेही सुत्त सांगते. म्हणजे उणीव सांगणे वेगळे आणि उणिवेत बुडून जाणे वेगळे. त्या सुत्ताचा शेवटही अत्तदीपाच्या उपदेशाकडेच जातो.

३. पवारणा : दोष दाखवा, अशी विनंती

शरीराची दुर्बलता सांगणे त्या मानाने सोपे. आचरणाची तपासणी मागणे कठीण. संयुत्तनिकायातील पवारणासुत्तात भगवान सावत्थीच्या पुब्बारामात पाचशे भिक्खूंसह बसले आहेत. वर्षावास संपला आहे. त्या पौर्णिमेच्या रात्री ते संघाला विचारतात : माझ्या कायेच्या किंवा वाणीच्या आचरणात तुम्हाला काही निंद्य दिसते काय? सारिपुत्त उठून तसे काही दिसत नाही असे सांगतात आणि मग हाच प्रश्न स्वतःविषयी विचारतात.

विनयातील महावग्गात या विधीला संघजीवनात कायमचे स्थान दिले आहे. जे पाहिले, जे ऐकले किंवा ज्याची शंका आली त्याविषयी मला बोला, अशी विनंती प्रत्येक भिक्खू तीन वेळा करतो. आणि ही विनंती प्रथम थेर भिक्खू करतो, नवखा नंतर. क्रम उलटा असता तर पवारणा ही कनिष्ठांची झडती झाली असती. ज्येष्ठापासून आरंभ झाल्यामुळे कनिष्ठाला भय उरत नाही. ज्याच्या हाती अधिकार अधिक, त्याने स्वतःला आधी उघडे करावे, हे संघाच्या घटनेतच लिहिलेले आहे.

४. राजाची कबुली आणि तिची मर्यादा

संघाबाहेर, राजसत्तेच्या क्षेत्रात, असे उदाहरण सम्राट अशोकाचे आहे. तेराव्या शिलालेखात त्याने राज्याभिषेकानंतर आठव्या वर्षी झालेल्या कलिंगविजयाचा हिशेब दिला आहे : दीड लाख लोक बंदी करून नेले, एक लाख मारले गेले, आणि त्याच्या कित्येक पट मृत्यू पावले. या विजयाचा आपल्याला अनुताप होतो, असे तो स्वतः सांगतो. विजयाचे स्तंभ उभारणारे राजे पुष्कळ झाले. स्वतःच्या विजयाबद्दल खेद दगडावर कोरणारा राजा विरळाच. कर्नाटकातील मस्कीसारख्या ठिकाणी मिळालेल्या लघुशिलालेखातही, आपण उपासक झाल्यावर आरंभीचा काही काळ म्हणावा तसा पराक्रम केला नाही, अशी कबुली आहे. आपल्या उणिवेचे हे वाक्य तो प्रजेला उद्योगाचे आवाहन करण्यापूर्वी लिहितो. राजा स्वतः मागे पडला होता आणि पुढे आला. मग सामान्य माणसालाही ते शक्य आहे, हा त्यातील युक्तिवाद आहे.

तथापि अभ्यासकाने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ओडिशातील धौली आणि जौगड येथे, म्हणजे प्रत्यक्ष कलिंगात, हा तेरावा लेख कोरलेला नाही. तेथे त्याऐवजी अधिकाऱ्यांना न्यायाने वागण्याची आज्ञा देणारे स्वतंत्र लेख आहेत. शिवाय अनुतापाच्या त्याच लेखात अरण्यवासी लोकांना, राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याचे सामर्थ्य शाबूत आहे, असा इशाराही आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासमोर कबुली देणे सर्वांत अवघड असते. अशोकाची थोरवी मान्य करूनही ही मर्यादा नोंदवली पाहिजे. संघाची पवारणा राजाच्या कबुलीपेक्षा याच बाबतीत पुढे आहे. तेथे ऐकणाऱ्याला उत्तर देण्याचा अधिकार आहे.

५. बाबासाहेबांनी सांगितलेली भीती

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांचे हस्तलिखित पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे होते. सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील बाराव्या खंडातही त्याचा समावेश झाला. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या माणसाला कसे समजावे, हा या टिपणांचा विषय. त्यासाठी त्यांनी सामान्य वर्णनाऐवजी घडलेल्या घटना सांगण्याचा मार्ग निवडला, आणि आरंभ स्वतःपासून केला.

बडोद्याचा प्रसंग १९१७ चा आहे. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेला तरुण संस्थानच्या नोकरीत रुजू होतो आणि राहण्यास जागा न मिळाल्यामुळे पारशी नाव धारण करून पारशांच्या पथिकाश्रमात उतरतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी त्याला जाब विचारतात. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे कबूल करून तो बाहेर पडतो. मित्रांकडे आसरा मिळत नाही, म्हणून कमाटी बागेत बसून राहतो आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परततो. या प्रसंगात बाबासाहेबांनी स्वतःचे चित्र रंगवले आहे ते भेदरलेल्या, दयेची याचना करणाऱ्या माणसाचे. अठरा वर्षे उलटली तरी तो देखावा आठवला की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही, असेही ते लिहितात. हे लिहिताना ते महाडचे आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे नेते होते, गोलमेज परिषदेत बोलून आलेले होते. ही भीती लपवणे त्यांना सहज शक्य होते.

चाळीसगावची १९२९ ची घटनाही अशीच आहे. महाराला टांग्यात बसवून हाकण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. पाहुण्याला पायी नेणे बरे दिसणार नाही म्हणून महारवाड्यातील मंडळींनी टांगा भाड्याने घेतला आणि त्यांच्यापैकीच एकाने, सवय नसताना, तो हाकला. टांगा मोरीवर उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ मानू शकतो, हा धडा त्यांनी त्यातून काढला. पण आपल्या माणसांच्या अडाणी प्रेमाविषयी त्यांच्या लेखणीतून कडू शब्द निघाला नाही. १९३४ मध्ये वेरूळची लेणी पाहण्यास जाताना दौलताबादच्या किल्ल्यावर तळ्याच्या पाण्यावरून झालेला अपमानही त्यांनी त्याच संथ स्वरात नोंदवला आहे.

या टिपणांत त्यांच्या स्वतःच्या अनुभवांच्या शेजारीच इतर अस्पृश्यांवर आलेले प्रसंग येतात. काठेवाडातील एका शिक्षकाच्या पत्नीवर डॉक्टरने नीट उपचार केले नाहीत आणि ती दगावली, ही त्यांपैकी एक. नेत्याची व्यथा आणि अप्रसिद्ध शिक्षकाची व्यथा एकाच यादीत, एकाच मापाने मांडली गेली आहे. ज्या नेत्याला आपल्यासारखेच हाकलून दिले गेले होते, त्याच्या विजयात आपलाही वाटा आहे, असे अनुयायाला वाटते ते यामुळे.

जाहीर सभेतही हीच रीत दिसते. अहमदनगर जिल्ह्यातील कोपरगाव तालुक्याला लागून असलेल्या येवले येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. अस्पृश्य हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, ही असहायता त्यांनी प्रथम सांगितली; हिंदू म्हणून मरणार नाही, हा निश्चय नंतर. पहिल्या वाक्यात सर्व श्रोते सामील होते, म्हणूनच दुसऱ्या वाक्यामागेही ते जाऊ शकले. १९३७ च्या निवडणुकीत अहमदनगर दक्षिण मतदारसंघातून स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर जनार्दन रोहम निवडून आले, आणि डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथे महार, मांग, वेठिया वतनदारांच्या परिषदेला बाबासाहेब स्वतः आले. वतनाच्या ओझ्याखाली वाकलेल्या या लोकांना आपला नेता आपल्यातलाच आहे हे पटवून द्यावे लागले नाही.

६. दुसरी गाडी

१९५६ या वर्षाच्या पूर्वार्धात 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. ग्रंथलेखनाच्या काळात आपली प्रकृती इतकी ढासळली होती की डॉक्टर आपल्याविषयी विझत्या ज्योतीप्रमाणे बोलत, असे त्यात सांगून त्यांनी पत्नी सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांचे ऋण मान्य केले. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यात ही प्रस्तावना नव्हती. ती वाचकांपर्यंत पुष्कळ उशिरा पोहोचली. कारणांच्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. नेत्याने लिहिलेली दुर्बलतेची आणि कृतज्ञतेची ओळ दीर्घकाळ अनुयायांच्या नजरेआड राहिली, एवढे मात्र खरे.

१८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील भाषणात त्यांनी शिकलेल्या वर्गाने आपली निराशा केली, हे दुःख उघड बोलून दाखवले. ३१ जुलै १९५६ रोजी दिल्लीत नानकचंद रत्तू यांच्याजवळ त्यांनी मन मोकळे केले. रत्तूंची आठवण त्यांच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे. आठवण एका साक्षीदाराची आहे, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी. हा काफिला आपण मोठ्या कष्टाने येथवर आणला. तो पुढे न्यावा, निदान मागे जाऊ देऊ नये, अशा आशयाचे त्यांचे निरोपाचे शब्द सर्वांना ठाऊक आहेत. मराठीत आपण त्याला 'गाडा' म्हणतो. परंतु रत्तूंच्या कथनात हे शब्द अश्रूंसह येतात; आपले कार्य आपल्या हयातीत पुरे होत नाही, या व्यथेतून येतात.

बेलुवगामची जुनी गाडी आणि दिल्लीतील हा गाडा यांची येथे गाठ पडते. दोन्ही ठिकाणी थकलेला शास्ता, समोर जवळचा सेवक, आणि पुढची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना दिलेला निरोप. आणि दोन्ही ठिकाणी उत्तरकाळाने निरोप जपला आणि निरोप देणाऱ्याचा थकवा पुसून टाकला.

७. नगरचा किल्ला आणि धामणगाव

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष मौलाना आझाद त्यांत होते. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यांना भेटता आले नाही. पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रांत त्यांनी लिहिले की, धैर्य राखण्याच्या प्रयत्नात आपले बाह्यरूप यशस्वी झाले, अंतरंग कदाचित झाले नाही. आपण निश्चलतेचा अभिनय करीत होतो. बाबासाहेबांचा आणि आझादांचा राजकीय मार्ग भिन्न होता. पण नेत्याच्या निश्चल मुद्रेमागे किती श्रम असतात, याची ही साक्ष नगरच्या भिंतींआड लिहिली गेली, म्हणून ती येथे नोंदवावीशी वाटते.

याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, धामणगाव आहे. दया पवार तेथले. 'बलुतं' १९७८ साली आले. त्यात दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवारांना सांगतो. शिकलेला माणूस आपल्याच दडवून ठेवलेल्या अर्ध्या भागाला बोलू देतो. गावकीचे उष्टे जिणे, मुंबईच्या कावाखान्यातील जीवन, आणि संसारात स्वतःच्या हातून घडलेले वर्तन, हे सारे त्यात आहे. समाजातील काहींना हे रुचले नाही. जे विसरायचे ते चव्हाट्यावर का आणले, असा त्यांचा आक्षेप होता. तो समजण्यासारखा आहे. ज्यांची नित्य हेटाळणी झाली त्यांना आपली जखम दाखवणे म्हणजे शत्रूच्या हाती शस्त्र देणे वाटते. परंतु 'बलुतं'नंतर दलित आत्मकथनांचा जो ओघ मराठीत सुरू झाला, त्याने निकाल दिला. एकाने लाज सांगितल्यावर अनेकांची लाज गेली. दया पवार राजकीय पुढारी नव्हते. पण लेखणीवर विसंबणाऱ्या पिढीचे ते पुढारी ठरले ते याच कारणाने.

८. उपसंहार

या साऱ्या उदाहरणांतून तीन अटी निघतात. पहिली, उघड केलेली दुर्बलता सत्य असावी आणि तिच्यात दयेची मागणी नसावी. बाबासाहेब बडोद्याची भीती सांगतात ते व्यवस्थेचे स्वरूप दाखवण्यासाठी, सहानुभूतीसाठी नव्हे. दुसरी, ती अशांसमोर मांडावी ज्यांना उत्तर देण्याची मुभा आहे. अशोकाचा लेख येथे उणा पडतो आणि पवारणा पुरी पडते. तिसरी, तिच्यातून दुसऱ्याच्या हाती काम यावे. पाठ दुखते, म्हणून सारिपुत्त बोलतात. गाडी जुनी झाली, म्हणून संघ स्वतःचा दीप होतो. जेथे या अटी पाळल्या जात नाहीत तेथे अश्रू हेही सत्तेचे साधन होते. सभेत रडून मते मागणारे पुढारी आपण पाहिले आहेत.

बाबासाहेबांच्या पश्चात, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याची शकले होऊ लागली. कारणे अनेक आहेत, त्यांत बाहेरचीही आहेत. पण प्रत्येक गटाचा नेता निर्दोष आणि दुसऱ्याचा द्रोही, ही भाषा आपण कोठून शिकलो, हे स्वतःला विचारले पाहिजे. भगवानांकडून नाही, बाबासाहेबांकडूनही नाही.

आपल्या विहारांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात ग्रंथवाचन होते. समारोपाच्या दिवशी सत्कार आणि भोजनदान होते, ते व्हावेच. पण आश्विन पौर्णिमा हा पवारणेचाही दिवस आहे. त्या दिवशी विहाराच्या अध्यक्षाने, चिटणीसाने आणि खजिनदाराने उपासक-उपासिकांपुढे बसून, वर्षभरात आमच्या हातून काय राहिले, काय चुकले ते सांगा, असे तीन वेळा विचारावे. आरंभ वयाने आणि पदाने ज्येष्ठ असलेल्याने करावा. पहिल्या वर्षी कदाचित कोणी बोलणार नाही. तरीही पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे.